कारिओका २०२४: रिओच्या राज्य अजिंक्यपद हंगामाचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

रिओ दि जानेरो राज्याची फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा तिथे 'कारिओका' या नावाने ओळखली जाते. ती पाहायला जाणारे बहुतेक परदेशी प्रवासी रिओच्या माराकाना या भव्य मैदानावरचा एखादा मोठा सामना गाठतात आणि परततात. २०२४ चा हंगाम जवळून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या स्पर्धेचा जीव उपनगरांतल्या छोट्या मैदानांवर आहे. म्हणून प्रवासाची आखणी आधी त्या मैदानांभोवती करावी आणि मोठे सामने तीत नंतर बसवावेत.

स्पर्धा १९०६ पासून चालू आहे आणि पहिले विजेतेपद रिओच्याच फ्लुमिनेन्स क्लबचे होते. २०२४ मध्ये बारा संघ होते. जानेवारीच्या मध्यापासून प्रत्येक संघ इतरांशी एकेकदा खेळला. या साखळी फेरीला ग्वानाबारा चषक म्हणतात. तीतले पहिले चार संघ उपांत्य फेरीत गेले, आणि उपांत्य व अंतिम लढती प्रत्येकी दोन सामन्यांच्या झाल्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत मोठे क्लब राखीव आणि तरुण खेळाडू उतरवतात, कारण मुख्य संघाची तयारी तेव्हा चालूच असते. नावाजलेले खेळाडू पाहायचे असतील तर हंगामाच्या उत्तरार्धात जावे. मात्र कार्निव्हलच्या आठवड्यात राहण्याचे दर अवाच्या सवा वाढतात, तो टाळलेला बरा.

सामना कोणत्या शहरात आहे हेही तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. हंगामाच्या आरंभी काही सामने राज्याबाहेर नेले जातात, कारण दूरच्या राज्यांत रिओच्या फ्लामेंगो क्लबचे लाखो चाहते आहेत आणि तिथे तिकिटे चांगली खपतात. २०२४ मधला फ्लामेंगोचा पहिलाच सामना अमेझॉनच्या जंगलातल्या मानाउसला झाला होता.

त्या हंगामाचा खरा नायक नोव्हा इग्वासू. रिओच्या उत्तरेला बायशादा फ्लुमिनेन्से नावाचा दाट वस्तीचा, कष्टकऱ्यांचा पट्टा आहे. तिथला हा क्लब १९९० मध्ये स्थापन झाला आणि त्याचा रंग नारिंगी आहे. उपांत्य फेरीत त्याची गाठ रिओच्या वास्को द गामा क्लबशी पडली. पहिला सामना १-१ असा सुटला आणि १७ मार्चच्या दुसऱ्या सामन्यात नोव्हा इग्वासूचा खेळाडू बिल याच्या एकमेव गोलाने वास्को बाहेर पडला. माराकानावर बहुसंख्य प्रेक्षक वास्कोचे होते. तो गोल झाल्यावर पसरलेली शांतता आणि एका कोपऱ्यातल्या मूठभर नारिंगी सदऱ्यांचा जल्लोष यांसाठीच एवढा लांबचा प्रवास सार्थकी लागला, असे मला मनापासून वाटते. फ्लामेंगो, फ्लुमिनेन्स, वास्को आणि बोताफोगो या चार मोठ्या क्लबांबाहेरचा संघ अंतिम फेरीत येणे फार दुर्मीळ आहे. २००५ मध्ये व्होल्टा रेडोंडा आणि २००६ मध्ये मादुरेरा तिथवर पोहोचले होते. अंतिम लढतीत फ्लामेंगोने ३-० आणि १-० असे विजय मिळवून एकही सामना न गमावता आपले ३८ वे विजेतेपद घेतले. नोव्हा इग्वासूचा आघाडीपटू कार्लिन्योस याला लगोलग फ्लामेंगोनेच करारबद्ध केले. छोट्या क्लबांच्या वाट्याला यशाबरोबर हेही येते. उपांत्य फेरीसुद्धा न गाठलेल्या बोताफोगोने मात्र त्याच वर्षी कोपा लिबेर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा आणि ब्राझीलची राष्ट्रीय लीग दोन्ही जिंकल्या. तेव्हा राज्य स्पर्धेतल्या निकालांवरून वर्षाचे भाकीत करू नये.

आता मैदानांविषयी. माराकानाला जाणे सर्वांत सोपे आहे, कारण मेट्रोची दुसरी मार्गिका आणि लोकल गाडी या दोन्हींची स्थानके अगदी लागून आहेत. फ्लामेंगो-फ्लुमिनेन्स सामन्यात उत्तरेची बाजू फ्लामेंगोची आणि दक्षिणेची फ्लुमिनेन्सची असते. कोणाचीच बाजू घ्यायची नसेल तर पूर्वेकडचे तिकीट घ्यावे आणि दोन्ही क्लबांचे रंग टाळून साधा सदरा घालावा. १९६३ मध्ये याच दोन संघांचा सामना १,९४,६०३ लोकांनी इथे पाहिला होता. नूतनीकरणानंतरचे मैदान त्या मानाने बरेच लहान आहे. आठवड्यातले सामने अनेकदा रात्री साडेनऊला सुरू होतात. संपल्यावर स्थानकात मोठी रांग लागते, म्हणून परतीचे मेट्रो तिकीट आधीच जवळ असावे.

वास्कोचे साओ जानुआरिओ हे मैदान पाहिल्याशिवाय मात्र परतू नये. १९२३ मध्ये कृष्णवर्णीय आणि कामगार खेळाडूंना घेऊन वास्कोने विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी श्रीमंत क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोने अशा बारा खेळाडूंना वगळावे अशी अट घातली. ७ एप्रिल १९२४ च्या पत्राने वास्कोने ती अट नाकारली, आणि १९२७ मध्ये स्वतःचे मैदान उभारले. २०२४ च्या अंतिम लढतीचा दुसरा सामना ७ एप्रिललाच झाला, त्या पत्राला बरोबर शंभर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. मैदान रेल्वे स्थानकापासून दूर आहे, त्यामुळे रात्रीच्या सामन्याला टॅक्सीनेच जावे आणि यावे.

उपनगरांसाठी 'सेंट्राल दो ब्राझील' या मुख्य स्थानकातून लोकल गाड्या सुटतात. मादुरेराचे मैदान त्याच नावाच्या स्थानकाजवळ आहे. सामना दुपारी असेल तर सकाळी तिथल्या मोठ्या बाजारात फेरफटका मारता येतो. बांगू आणखी पश्चिमेला आहे. १९०४ चा हा क्लब कापड गिरणीच्या आवारात जन्मला, त्याने १९३३ आणि १९६६ मध्ये स्पर्धा जिंकली, आणि त्या जुन्या गिरणीच्या इमारतीत आज मॉल आहे. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला हे चित्र लगेच ओळखीचे वाटेल. बांगूचे ऊन रिओतही कडक समजले जाते, म्हणून टोपी हवीच. या मैदानांवर बसून सामना पाहताना शेजारचे म्हातारे गृहस्थ खेळाडूंना नावाने हाका मारताना ऐकू येतात; माराकानावर असे घडणे शक्य नाही. नोव्हा इग्वासूला जाण्यासाठी जापेरीच्या दिशेची गाडी पकडावी. या मार्गांवर दिवसाउजेडी प्रवास करावा आणि फोन हातात धरून उभे राहू नये.

तिकिटे ऑनलाइन मिळतात, पण काही संकेतस्थळे ब्राझीलचा करदाता क्रमांक मागतात. तसे झाल्यास पासपोर्ट घेऊन क्लबच्या तिकीट खिडकीवर जावे. वीस हजारांहून अधिक क्षमतेच्या मैदानांत २०२५ पासून चेहऱ्याची नोंदणी सक्तीची आहे. ती सामन्याच्या दिवसावर न ठेवता आधीच उरकावी.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पीतज्वराची लस. ब्राझीलहून परतताना भारतात तिचे प्रमाणपत्र तपासले जाते, ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, म्हणून वेळ हाताशी ठेवावा. शाकाहारी मंडळींनी वजनावर पैसे आकारणारी भोजनालये शोधावीत. तिथल्या घेवड्याच्या उसळीत बहुधा मांस असते, ते विचारून घ्यावे. रस्त्यावर मिळणारी 'ग्लोबो' बिस्किटे कसाव्याच्या पिठाची असतात. आपला साबुदाणाही त्याच कंदापासून होतो.

गोव्यातल्या वाचकांना ब्राझीलचा विख्यात फुटबॉलपटू झिको याचे नाव नव्याने सांगायला नको, कारण २०१४ ते २०१६ या काळात तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. फ्लामेंगोच्या रिओतल्या गाव्हेआ येथील मुख्यालयात त्याचा पुतळा आहे. सामना नसलेल्या दिवशी तिथे जाता येईल.

पुढच्या हंगामांसाठी एक बदल ध्यानात घ्यावा. ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने २०२६ पासून राज्य स्पर्धांना केवळ ११ तारखा दिल्या आहेत आणि त्या मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच संपतात. पूर्वीप्रमाणे एप्रिलमध्ये अंतिम सामना गाठण्याच्या हिशेबाने विमानाचे तिकीट काढू नये. जानेवारीच्या मध्यास पोहोचणे आता अधिक सोयीचे ठरेल.