बेलरची पहिली पोरं

कॉलेज बास्केटबॉलमधली बुडालेली टीम रिक्रूटिंगच्या, म्हणजे नवे खेळाडू शोधून आणण्याच्या, जोरावर वर कशी काढायची असं कुणी विचारलं की मी बेलरचं नाव घेते, दुसरं घेतच नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांनी हे कॉलेज शंभरदा बघितलंय, डॅलसहून ऑस्टिनला कुणाच्या गणपतीला जाताना आय-35 वर वेको लागतं ना, तिथं हायवेला खेटूनच कॅम्पस आहे, पण आत 2003 साली काय झालं आणि तिथून 2021 च्या चॅम्पियनशिपपर्यंत ही टीम कशी आली हे फार कमी जणांना माहीत असतं. बहुतेकांना फक्त फायनल आठवते, गोंझागाला 86-70 हरवलं ती. मला मात्र त्या फायनलपेक्षा तिच्या आधीच्या सतरा-अठरा वर्षांबद्दल बोलायचंय.

आधी 2003. त्या जूनमध्ये पॅट्रिक डेनेही नावाचा बेलरचा खेळाडू बेपत्ता झाला आणि जुलैच्या शेवटी त्याचा मृतदेह सापडला. त्याच टीममधल्या कार्लटन डॉटसनने त्याला गोळ्या घातल्या होत्या, पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला 35 वर्षांची शिक्षा झाली. चौकशीत आणखी बाहेर आलं की कोच डेव्ह ब्लिस नियम मोडून डेनेहीची फी भरत होते, आणि ते झाकायला त्यांनी खेळाडूंना आणि असिस्टंटना सांगितलं की डेनेही ड्रग्ज विकायचा असं सांगा. मेलेल्या पोराबद्दल हे! एका असिस्टंट कोचने ते बोलणं टेप केलं म्हणून जगाला कळलं. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात ढवळून आलं होतं, आजही येतं. ब्लिसना राजीनामा द्यावा लागला, आणि खेळाडूंना हवं त्या कॉलेजला जाऊन लगेच खेळायची परवानगी मिळाली. लॉरेन्स रॉबर्ट्स मिसिसिपी स्टेटला गेला, जॉन लुकस ओक्लाहोमा स्टेटला, केनी टेलर टेक्सासला. म्हणजे टीमचा कणाच गेला. लुकस तर पुढच्याच वर्षी ओक्लाहोमा स्टेटकडून फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय टुर्नामेंटच्या शेवटच्या चारांत, खेळला. ज्या पोरांना सोडून जावंसं वाटलं त्यांना मी जराही दोष देत नाही, मित्राचा खून झालाय आणि कोच खोटं बोलायला सांगतोय म्हटल्यावर कोण थांबेल.

अशा जागी ऑगस्टमध्ये स्कॉट ड्रू आला. वय 32, हेड कोच म्हणून अनुभव एका सीझनचा, तोही व्हॅल्परायझोसारख्या लहान कॉलेजचा, जिथं आधी त्याचे वडील होमर ड्रू कोच होते. आणि आल्या आल्या त्याने काय सांगितलं तर आम्ही टुर्नामेंटमध्ये नुसतं जायला आलेलो नाही, तिथं मॅचेस जिंकायला आलोय. ही टुर्नामेंट म्हणजे एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा, आणि बेलर तेव्हा 1988 नंतर तिथं गेलंच नव्हतं! हातात स्कॉलरशिपवाले खेळाडू सात, बाकी जागा भरायला कॅम्पसवर ट्रायआउट घेतले, कुणीही साध्या विद्यार्थ्याने यावं आणि खेळून दाखवावं. त्या सीझनला 8 विजय 21 पराभव. मॅट सेमनसारखे काही सिनियर्स, म्हणजे शेवटच्या वर्षाचे खेळाडू, मात्र राहिले होते, त्यांना माहीत होतं की चांगले दिवस येतील तेव्हा आपण इथं नसणार, तरी ते खेळले. त्यांच्याबद्दल मला कायम आदर वाटतो.

आता रिक्रूटिंग म्हणजे नक्की काय ते थोडं सांगते, कारण आपल्याकडे कॉलेजच्या टीमसाठी असं काही फारसं नसतं, ॲडमिशन झालेल्या पोरांतूनच टीम निवडतात किंवा फार तर स्पोर्ट्स कोटा. अमेरिकेत कोच वर्षभर हायस्कूलच्या मॅचेस आणि उन्हाळ्यातल्या शाळेबाहेरच्या क्लब टीमच्या (एएयू) टुर्नामेंट्स बघत फिरतो, सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन आई, आजी, मामा जे कोण निर्णय घेणारं असेल त्यांच्यासमोर बसतो, मग पोराला कॅम्पस दाखवायला बोलावतो. दाखवायला काय असतं तर जिंकलेले बॅनर्स, एनबीएत गेलेल्या पोरांची नावं, टीव्हीवरच्या मॅचेस. ड्रूकडे यातलं काहीच नव्हतं, होता तो एक खून, एक घोटाळा आणि एनसीएएकडून लवकरच येणारी शिक्षा. समोरच्या आईने विचारलं असेल की माझा मुलगा तिथं सुरक्षित राहील का, तर त्याचं उत्तर देणं कुठल्याही बास्केटबॉल प्लॅनपेक्षा अवघड. बेलर हे बॅप्टिस्ट कॉलेज आहे आणि ड्रू स्वतः श्रद्धाळू माणूस, त्यामुळे चर्चला जाणाऱ्या घरांमध्ये त्याचं बोलणं पोचलं असणार असं मला वाटतं. आणि त्याच्यासोबत जेरोम टँग होता, त्रिनिदादमध्ये जन्मलेला, टेक्सासमधल्याच क्लेबर्न गावच्या एका छोट्या ख्रिश्चन शाळेत कोच असलेला माणूस. कुठल्या मोठ्या कॉलेजातून न घेता हायस्कूलमधून थेट असिस्टंट घेतला, ही ड्रूची मला सगळ्यात आवडलेली निवड. इथल्या शाळा, इथले कोच, इथली घरं त्याला आतून माहीत. तो तब्बल 19 वर्षं टिकला.

पहिला मोठा मासा गळाला लागला तो थेट ऑस्ट्रेलियातून, ॲरन ब्रूस. 2004-05 मध्ये देशातल्या सगळ्या फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, खेळाडूंत सर्वात जास्त पॉइंट्सची सरासरी त्याची होती, मॅचमागे 18 च्या वर, आणि टीम मात्र 9-19. मग जून 2005 मध्ये एनसीएएचा निकाल आला. पुढच्या सीझनला बेलरने कॉन्फरन्सबाहेरची, म्हणजे आपल्या बिग 12 या गटाबाहेरच्या कॉलेजशी, एकही मॅच खेळायची नाही. म्हणजे बाकी सगळी कॉलेजेस नोव्हेंबरपासून खेळणार आणि ही पोरं जानेवारीपर्यंत फक्त प्रॅक्टिस करणार, आणि पहिली मॅच पडणार ती थेट बिग 12 मधल्या तगड्या टीमसोबत.

आणि नेमक्या त्याच वर्षी आत आली कर्टिस जेरेल्स, केव्हिन रॉजर्स, हेन्री डुगट आणि सेनेगलचा ममादू डिएन ही बॅच. मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती ही पोरं. जेरेल्स ऑस्टिनच्या डेल व्हॅली हायस्कूलचा, चांगला नावाजलेला गार्ड. त्यांचा फ्रेशमन सीझन 17 मॅचेसचा झाला, 4 जिंकल्या, 13 हरल्या. रिक्रूटिंगच्या गप्पांमध्ये कुणाला किती स्टार्स, कोण रँकिंगमध्ये कितवा यावरच सगळी चर्चा असते, पण बुडालेल्या टीमसाठी खरा रिक्रूट तो, जो दाखवायला काही नसताना येतो आणि 4-13 नंतरही राहतो. पाचवा किंवा दहावा चांगला खेळाडू मिळवणं सोपं असतं कारण पहिले चार आधीच आलेले असतात. त्या पहिल्या चारांना कुणाकडे बघून यायचं? पुढच्याच वर्षी लुइझियानातल्या रिझर्व्ह नावाच्या छोट्या गावातून ट्वीटी कार्टर आला, बेलरने साइन केलेला पहिला मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक हायस्कूल खेळाडूंपैकी एक. त्याच्या मागे 2007 ला लुइझियानातूनच लेसडॅरियस डन आला, जो पुढे बेलरचा सर्वाधिक पॉइंट्स करणारा खेळाडू झाला.

23 जानेवारी 2008 ला कॉलेज स्टेशनमध्ये टेक्सास ए अँड एमच्या घरच्या कोर्टवर बेलरने पाच ओव्हरटाइमनंतर 116-110 ने मॅच काढली. पाच! त्यानंतर बेलर 1969 नंतर पहिल्यांदा देशाच्या रँकिंगमध्ये, टॉप 25 मध्ये, आलं आणि त्या मार्चला वीस वर्षांनी एनसीएए टुर्नामेंटमध्ये. तिथं पहिल्याच राउंडला पर्ड्यूकडून हरले, ते जाऊ दे. जानेवारीपर्यंत मॅच नसलेली पोरं ती हीच, आता ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, आलेली.

पुढची वर्षं मी पटकन सांगते कारण ती सगळ्यांना जास्त माहीत असतात. मिशिगनहून ट्रान्सफर होऊन आलेला एकपे उडो आणि कार्टर-डनची जोडी यांच्या जोरावर 2010 ला एलिट एट, म्हणजे टुर्नामेंटच्या शेवटच्या आठांत, आणि ते तिघं गेल्यावर 2012 ला परत एलिट एट, दोन्ही वेळा जे पुढे चॅम्पियन झाले त्यांच्याकडूनच हरले, ड्यूक आणि केंटकी. आता मोठ्या रँकिंगची पोरं यायला लागली होती, पेरी जोन्स, क्विन्सी मिलर, आयझाया ऑस्टिन. आणि याच काळात ड्रूच्या रिक्रूटिंगवर आरोपही झाले, 2012 मध्ये एनसीएएने नियमापेक्षा जास्त फोन आणि मेसेज केल्याबद्दल बेलरला शिक्षा केली, त्यात पुरुषांची आणि महिलांची दोन्ही टीम होत्या, ड्रूला दोन मॅचेस बाहेर बसावं लागलं. 2003 ची जखम असलेल्या कॉलेजात हे व्हायलाच नको होतं आणि त्याची पाठराखण मी करणार नाही. मग 2015 ला जॉर्जिया स्टेट आणि 2016 ला येल, दोन वर्षं लागोपाठ पहिल्या राउंडला लहान टीमकडून बाहेर. खेळाडू आणता येतात पण कोचिंग येत नाही असं लोक ड्रूबद्दल उघड बोलायचे.

पण त्याच काळात आतल्या आत निवड बदलत होती आणि ती फार कमी जणांनी नीट बघितली. टॉरियन प्रिन्स हा लाँग आयलंड युनिव्हर्सिटीला जाणार होता, तिथला कोच बदलला म्हणून मोकळा झाला आणि बेलरला आला, 2016 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, बाराव्या नंबरला गेला. जॉनथन मॉटली पहिलं वर्ष रेडशर्ट म्हणून न खेळता बसला, आणि 2017 च्या जानेवारीत बेलर इतिहासात पहिल्यांदा देशात नंबर एकला पोचलं तेव्हा टीमचा मुख्य खेळाडू तोच होता. फ्रेडी गिलेस्पी तर मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजचा, डिव्हिजन थ्रीचा, जिथं ॲथलेटिक स्कॉलरशिपच नसते, तो बेलरला वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, आला आणि पुढे एनबीएपर्यंत गेला.

आणि 2021 ची टीम बघा. डेव्हियन मिचेल ऑबर्नला बेंचवरून खेळायचा, मॅसिओ टीग यूएनसी ॲशव्हिलचा, ॲडम फ्लॅगलर प्रेस्बिटेरियन नावाच्या अगदी छोट्या कॉलेजचा, जोनाथन चामवा चाचुआ मूळ कॅमेरूनचा आणि यूएनएलव्हीहून आलेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसायचं, फक्त प्रॅक्टिस. हे चौघंही बसले. मुख्य आठ-नऊ खेळाडूंतले चार जण असे की ज्यांनी एक अख्खं वर्ष एकही मॅच न खेळता त्याच कोर्टवर रोज घाम गाळला, त्याच सिस्टीममध्ये डिफेन्स शिकला. मिचेल त्या वर्षी देशातला सर्वोत्तम डिफेंडर ठरला ते उगीच नाही. त्यांच्यासोबत मार्क व्हायटल, आणि जॅरेड बटलर, ज्याने आधी अलाबामाला साइन केलं होतं आणि तिथून सुटून आला. बटलर कुठला माहितीये? लुइझियानातलं रिझर्व्ह. ट्वीटी कार्टरचं गाव! बारा वर्षांनी त्याच छोट्या गावातून परत एक गार्ड बेलरला येतो आणि फायनलमध्ये 22 पॉइंट्स करून टुर्नामेंटचा मोस्ट आउटस्टँडिंग प्लेयर होतो, हे नुसत्या योगायोगाने झालं असं मला नाही वाटत, ज्या गावातला पोरगा तुमच्याकडे चार वर्षं सुखाने राहून गेला तिथल्या लोकांना तुमचं नाव नव्याने सांगावं लागत नाही.

2020 ला ही टीम 26-4 होती, सलग 23 मॅचेस जिंकलेली, आणि कोविडमुळे टुर्नामेंटच रद्द झाली. बटलर, मिचेल, टीग, व्हायटल सगळे परत आले. 5 एप्रिल 2021 ला इंडियानापोलिसमध्ये समोर 31-0 अशी गोंझागा आणि यांनी सुरुवातच 9-0 ने केली. मी त्या रात्री ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

त्याच महिन्यात एनसीएएने पहिल्या ट्रान्सफरसाठी वर्षभर बसायचा नियम काढून टाकला. ट्रान्सफर करा आणि लगेच खेळा. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्यायाचं आहे, कोच रातोरात नोकरी बदलू शकतो तर पोराने का बसावं, आणि त्या उन्हाळ्यापासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली तीही योग्यच. पण बेलरने ज्या पद्धतीने टीम बांधली ती पद्धत त्या महिन्यात संपली हेही खरं. जेरोम टँग 2022 ला कॅन्सस स्टेटचा हेड कोच झाला, हातात स्कॉलरशिपवाले दोनच खेळाडू उरलेले, बाकी टीम पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, उभी केली, कॉन्फरन्समध्ये शेवटचा नंबर येईल असं भाकीत असताना 2023 ला थेट एलिट एट. एका वर्षात! बेलरला त्याच पायरीवर पोचायला ड्रू आल्यापासून सात सीझन लागले होते. पण पुढच्या दोन्ही वर्षी कॅन्सस स्टेट टुर्नामेंटमध्येच नव्हतं. खुद्द बेलरची 2025 च्या उन्हाळ्यात जवळजवळ अख्खी टीम बदलली.

म्हणून आता एखादी बुडालेली टीम पोर्टलमधून एका वर्षात वर आली की मी टाळ्या वाजवते पण लगेच दुसऱ्या वर्षाचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडून बघते, पहिल्या वर्षी हरताना कोर्टवर असलेल्यांपैकी किती जण अजून आहेत ते. जेरेल्स आणि रॉजर्स 2009 पर्यंत, पूर्ण चार वर्षं होते.