फोरमवर नाव होतं कशामुळे आणि आयडी उडतो कशामुळे

जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीवरच्या एका फोरमची मी मॉडरेटर, म्हणजे तिथल्या चर्चांवर देखरेख ठेवणारी, आहे. काम बिनपगारी, पण जीव लावून करते. रोज सकाळी तक्रारींची रांग उघडायची: सदस्यांनी फ्लॅग केलेले, म्हणजे आक्षेपार्ह म्हणून आमच्या नजरेला आणलेले प्रतिसाद, सॉफ्टवेअरने आपणहून अडवलेल्या पोस्ट आणि अधूनमधून एखादी ईमेल, ‘माझा आयडी का उडवला?’ लिहिणाऱ्याची समजूत बहुतेक वेळा एकच असते, की माझं मत कुणाला तरी झोंबलं म्हणून मला काढलं. आमच्याकडे मतामुळे कुणी जात नाही. माणसं जातात ती वागण्याच्या ठरावीक तऱ्हांमुळे. त्या तऱ्हा इतक्या सारख्या असतात, की नवीन सदस्याच्या पहिल्या काही पोस्ट वाचल्या की पुढचा अंदाज येतो. नाव होण्याचंही तसंच आहे. पडद्यामागून काय दिसतं ते फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीला रोमात राहा, नुसतं वाचा, हा सल्ला सगळेच देतात. पण वाचायचं काय? पिन केलेला, म्हणजे सगळ्यात वर टाचून ठेवलेला धागा (फोरमवर एका विषयावरच्या चर्चेला धागा म्हणतात) वाचायचाच, पण नियमांच्या पानावर नसलेले संकेत त्याहून महत्त्वाचे. आमच्याकडे मशीनचं मॉडेल न लिहिता मदत मागितली तर पहिला प्रतिसाद ‘मॉडेल कोणतं?’ असाच येतो. दोरा ओवलेल्या मार्गाचा फोटो टाकला तर लोक आनंदाने वेळ देतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. जुने पाच-दहा धागे शेवटपर्यंत वाचले की आपोआप कळतं. कुणाला धन्यवाद मिळतात, कुणाचा प्रतिसाद मॉडरेटरने काढला आणि त्यावर काय टीप लिहिली, कुणाच्या शब्दावर चर्चा थांबते, याकडे लक्ष ठेवलं की त्या जागेची चाल ध्यानात येते.

डिस्कोर्स नावाचं सॉफ्टवेअर आज कितीतरी फोरम वापरतात. त्यात सदस्यांवरच्या विश्वासाच्या 0 ते 4 अशा पायऱ्या असतात. मूळ सेटिंगप्रमाणे शून्यातून पहिल्या पायरीवर जायला निदान 5 धागे उघडावे लागतात, 30 पोस्ट वाचाव्या लागतात आणि वाचनात 10 मिनिटं घालवावी लागतात. एक अक्षरही लिहायची अट नाही. दुसऱ्या पायरीसाठी 15 वेगवेगळ्या दिवशी यावं लागतं, 100 पोस्ट वाचाव्या लागतात, आणि मग कुठे थोडे प्रतिसाद देण्याची अट येते. अगदी नव्या सदस्याला एका पोस्टमध्ये दोनपेक्षा जास्त लिंक टाकता येत नाहीत. यावर लोक चिडतात. आमच्यावर विश्वास नाही का, असं विचारतात. खरंच नसतो, आणि त्याला कारण आहे. जाहिराती ओतायला आलेला माणूस किंवा बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणारा प्रोग्रॅम, वाचत बसत नाही. एप्रिल 1994 मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सेवेची जाहिरात यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्याच्या हजारो गटांमध्ये एका झटक्यात टाकली, तेव्हापासून प्रत्येक चर्चापीठ या प्रकाराशी झुंजतं आहे. दहा मिनिटांचं वाचन हा त्यावरचा साधा आणि चांगला उपाय आहे, असं माझं मत.

आता नाव कसं होतं ते एका धाग्यावरूनच दाखवते.

एकीने विचारलं होतं: शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) बदलून बदलून थकले, बॉबिन केसही नवी आणली. खाली पटापट प्रतिसाद आले. एकाने लिहिलं, ‘दुकानात दाखवा.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘मलाही हाच त्रास होतो.’ तिसऱ्याने सरळ टायमिंग, म्हणजे सुई आणि खालचा हुक यांचा मेळ, बिघडल्याचं निदान करून मशीन उघडायला सांगितलं. मग एका अगदी नव्या सदस्याने लिहिलं: ‘ताई, गुंता खाली दिसतो म्हणून दोष खालच्या दोऱ्याचा वाटतो, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, खाली असताना चकत्या आवळलेल्या असतात, दोरा आत जातच नाही. फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून पुन्हा ओवा. मग फूट खाली करून दोरा हाताने ओढून बघा, आता तो जड लागला पाहिजे. जड लागला आणि तरीही गुंता झाला, तर सुईची चपटी बाजू कुठे आहे त्याचा फोटो टाका. तुमच्या मॉडेलला ती कोणत्या बाजूला हवी हे मी मॅन्युअलमध्ये बघून सांगतो. तोवर मशीन उघडू नका.’

मी हा प्रतिसाद परत परत वाचला. त्याने कारण सांगितलं, करायची कृती ओळीने सांगितली, ती बरोबर झाली की नाही हे कसं ओळखायचं तेही सांगितलं. चुकलं तर पुढे काय, आणि काय करायचं नाही, हेही त्यात आलं. टायमिंग सांगणाऱ्याला तो एका शब्दाने टोचून बोलला नाही. असे तीन-चार प्रतिसाद पडले की लोक त्या माणसाचं नाव लक्षात ठेवतात, त्याला धाग्यात टॅग करू लागतात. पुढे तो दमून एखादं वाकडं वाक्य लिहून गेला तर फ्लॅग कमी येतात, आणि आले तरी आम्ही आधी त्याला खाजगी निरोप पाठवून विचारतो.

गुणांकडे बघणारे सदस्य वेगळे ओळखू येतात. प्रत्येक धाग्यावर ‘+१’, प्रत्येक प्रश्नावर दोन ओळींचा घाईचा प्रतिसाद, आणि आपल्याला लाइक कमी का मिळाले याची चौकशी. गुण वाईट नाहीत, फक्त ते कशासाठी ठेवले आहेत हे कळायला हवं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तराला पसंतीचं एक मत मिळालं की 10 गुण, प्रश्नकर्त्याने ते स्वीकारलं की 15, नापसंतीच्या मताने 2 वजा. दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही 1 गुण जातो, म्हणजे उगाच कुणी ते बटण दाबू नये. मतांमधून दिवसाला 200 पेक्षा जास्त गुण मिळत नाहीत. दुसऱ्यांच्या पोस्टखाली टिप्पणी करायलाच 50 गुण लागतात, आणि पुढे गुण वाढत जातील तसे प्रश्न बंद करण्यासारखे देखरेखीचे अधिकार मिळतात. थोडक्यात, ती संख्या म्हणजे जागेची किती जबाबदारी तुमच्यावर टाकता येईल याचा अंदाज. तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या स्लॅशडॉट या साइटने तर कर्माचा, म्हणजे तिथल्या गुणांचा, आकडा दाखवणंच बंद केलं आणि त्याऐवजी शब्दांत दर्जा दाखवायला सुरुवात केली, कारण आकडा दिसला की लोक त्याचाच खेळ करतात. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आयडी उडण्याची सगळ्यात मोठी कारणं दोन: स्वतःची जाहिरात आणि डु-आयडी, म्हणजे एकाच माणसाने गुपचूप काढलेला दुसरा आयडी.

जाहिरातीबद्दल रेडिट या चर्चेच्या मोठ्या साइटवर बरीच वर्षं एक संकेत होता, की तुमच्या दहा पोस्टमध्ये स्वतःच्या कामाची लिंक फार तर एकात असावी. मेटाफिल्टर या लिंकांवर चर्चा करणाऱ्या साइटवर तर पहिल्या पानावर स्वतःच्याच साइटची लिंक टाकणं हा थेट बॅनचा गुन्हा आहे. आमच्याकडे दुरुस्तीचा व्यवसाय करणारे बरेच सदस्य आहेत आणि ते आम्हाला हवे आहेत, कारण खरं ज्ञान त्यांच्याकडेच असतं. त्यांच्यातले जे टिकले त्यांची रीत सरळ आहे. पूर्ण उत्तर धाग्यातच लिहितात. लिंक दिलीच तर ‘हा व्हिडिओ माझाच आहे’ असं आधी सांगतात, आणि लिंक न उघडताही वाचणाऱ्याचं काम होतं. याउलट ‘यावर मी सविस्तर लिहिलं आहे, इथे वाचा’ एवढंच लिहून जाणाऱ्याची पोस्ट आम्ही काढतो, मग पलीकडचा लेख कितीही चांगला असो. लिंक काही वर्षांनी मरते आणि धागा पोकळ होतो. शोधत येणाऱ्या माणसाचा विचार करा, तो बिचारा बंद पडलेल्या पानावर जाऊन आदळतो.

डु-आयडीची गोष्ट जास्त दुःखाची, कारण त्यात चांगली माणसंही सापडतात. 2014 मध्ये रेडिटवर जीवशास्त्राचे प्रश्न सुंदर समजावून सांगणारा एक अतिशय लाडका सदस्य बॅन झाला. तो इतर आयडींवरून स्वतःच्या प्रतिसादांना मतं देत होता आणि विरोधातले प्रतिसाद खाली ढकलत होता. त्याला याची काही गरज नव्हती, लोक त्याच्या नावावर धागे उघडत होते. तरीही आयडी गेला, आणि जायलाच हवा होता. मत खोटं असेल तर त्या जागेवरचं प्रत्येक मत संशयास्पद होतं. हे पकडलं जात नाही असं समजू नका. मतांच्या वेळा, इंटरनेटचे (आयपी) पत्ते, लिहिण्याची ढब, सगळं दिसतं. स्टॅक ओव्हरफ्लोची यंत्रणा एकाच माणसाला ओळीने दिलेली मतं स्वतःच परत घेते. एकाच घरातले दोघं खरोखरच सदस्य असतील तर मॉडरेटरला आधीच कळवा आणि एकमेकांच्या पोस्टना मतं देऊ नका. आधी कळवलं असेल तर आमचं काम दोन मिनिटांचं असतं. नंतर समजलं तर आम्हालाही संशय घ्यावा लागतो.

वादाबद्दल थोडंच लिहिते. विकिपीडियावर एक नियम आहे: एकाच पानावर 24 तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर ब्लॉक होऊ शकतो, आणि ‘माझंच बरोबर होतं’ हा तिथे बचाव ठरत नाही. मला हे तत्त्व सगळीकडे लागू करावंसं वाटतं. आपला मुद्दा एकदा मांडा, समोरच्याने नवं काही सांगितलं तर दुसऱ्यांदा लिहा, आणि मग धागा सोडा. वाचणारे शेकडो असतात, ते ठरवतील. कुणी वाद पेटवायला काडी टाकली तर तिला उत्तर देण्याऐवजी फ्लॅग करा. उत्तर दिलंत की साफसफाई करताना तुमचीही पोस्ट त्यातच जाते. आणि मॉडरेटरने पोस्ट काढली तर त्यावर नवा धागा काढू नका. खाजगी निरोप पाठवा: कोणती पोस्ट, तुम्हाला काय म्हणायचं होतं, आणि कोणता नियम लागू झाला हे समजलं नाही. एवढं विचारणाऱ्याला मी कधीही उत्तर न देता सोडत नाही.

एआयकडून लिहून घेतलेली उत्तरं ही नवी डोकेदुखी आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर 2022 मध्येच चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला मनाई केली. आमच्याकडेही मनाई आहे, कारण असं उत्तर ठाम भाषेत शिलाई मशीनच्या एखाद्या मॉडेलला नसलेला स्क्रू फिरवायला सांगतं, आणि कुणी तरी तसा दुसराच स्क्रू शोधून फिरवतं. तुम्ही स्वतः करून पाहिलेलं तेवढंच लिहा. अर्धवट माहिती असेल तर अर्धवट आहे असं लिहा, लोक त्याचा मान ठेवतात.

जुन्या सदस्यांनाही मला एक सांगायचं आहे. ‘आधी सर्च करा’ एवढंच लिहिलेला प्रतिसाद मी काढते, मग तो कितीही जुन्या जाणत्याचा असो. जुन्या धाग्याची लिंक आणि त्यातली कामाची ओळ द्या, म्हणजे नवखा माणूस शिकतो आणि टिकतो. या एका गोष्टीवरून काही दिग्गज माझ्यावर नाराज आहेत. त्यांच्या नाराजीची मला खंत आहे, पण नियम मी बदलणार नाही.

काही फोरमवर अदृश्य बॅनही असतो. तुमच्या पोस्ट तुम्हाला दिसतात, इतर कुणाला दिसत नाहीत. बराच काळ कुणीच प्रतिसाद देत नसेल तर लॉगआउट करून तुमचा धागा दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर मॉडरेटरला विचारा. कधीकधी सॉफ्टवेअरच्या गाळणीत निर्दोष माणूसही अडकतो.

आणि आयडी खरंच उडाला असेल तर नवा आयडी काढून परत येऊ नका, तो डु-आयडीच धरला जातो. थोडे दिवस जाऊ द्या आणि मग लिहा. सुट्या भागांच्या आपल्या दुकानाची लिंक धाग्यामागून धाग्यात टाकल्यामुळे बाहेर गेलेल्या एकाने आम्हाला असंच पत्र लिहिलं. कोणत्या धाग्यांत लिंक टाकल्या होत्या त्यांची यादी दिली, त्या प्रश्नांची खरी उत्तरं काय असायला हवी होती तीही एकेका परिच्छेदात लिहिली, आणि परवानगी मिळाली तर लिंक काढून ही उत्तरं तिथे घालीन असं म्हटलं. आम्ही मॉडरेटरांनी ती उत्तरं तपासली, सगळी बरोबर होती. त्याचा आयडी त्याच संध्याकाळी सुरू केला, लिंक टाकण्यावरची बंदी मात्र आणखी काही आठवडे ठेवली.