सगळे उठायच्या आत

सुट्टी लागली की भरपूर लिहू, असं वर्षभर म्हणायचं आणि सुट्टीत घर माणसांनी भरलेलं! दुपारी उकाड्याने काही सुचत नाही. म्हणून आज सगळे उठायच्या आत बसले. फोन दुसऱ्या खोलीत, पंखा एकवर, नाहीतर कागद उडतात. कथेतली म्हातारी कधीची दारातच अडकली होती, ती एकदाची आत आली आणि आल्या आल्या सुनेशी भांडलीसुद्धा.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. घड्याळ समोर, पाव तासाला २५० शब्द! (त्याला उठवून कॉफी आणून देणारा नोकर होता, हेही सांगायला हवं.) माझं जेमतेम पानभर झालं. शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धंच सोडलंय. उद्या सुनेची बाजू ऐकायचीय.