तुम्ही विचारलंत म्हणून: नदीकाठच्या त्या पडक्या घराविषयी

भारतातून कोणी पाहुणे आले की मी त्यांना जर्सी सिटीहून बोटीने मॅनहॅटनला नेतो. धक्क्यावर उतरले की चहूबाजूंना काचेचे मनोरे दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी, उतारावर वाढलेल्या रानगवतात, दगडी बांधांच्या मागे, छप्पर नसलेले एक पडके घर उभे असते. एवढ्या महागड्या जागेत हे असले घर कशाला, असा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आयर्लंडमधल्या भूकबळींचे ते स्मारक आहे असे सांगितले की दुसरा प्रश्न येतो: "बटाट्यावर रोग पडला होता तोच ना? मग त्यात इंग्रजांचा काय दोष? आणि पावणेदोनशे वर्षांनंतरही हे लोक ते का धरून बसले आहेत?" उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

रोग पडला होता, यात वाद नाही. 1845 च्या सप्टेंबरात तो आयर्लंडमध्ये दिसला, 1846 मध्ये जवळजवळ सगळे पीक जमिनीतच कुजले, आणि सुमारे 30 लाख लोक असे होते की ज्यांच्या पानात बटाट्याखेरीज दुसरे काही पडतच नव्हते. पण तोच रोग बेल्जियममध्ये आणि हॉलंडमध्येही पडला होता, आणि तेथे आयर्लंडइतकी माणसे मेली नाहीत. आयर्लंडच्या लोकांनी ओट पिकवले होते, गुरे पोसली होती, लोणी काढले होते. जमीनदाराचा खंड भरण्यासाठी ते सगळे विकावे लागे आणि बंदरांतून ते बाहेर जात राहिले. आयर्लंडचा कारभार तेव्हा लंडनहून चाले, आणि 1846 च्या उन्हाळ्यात तेथे सत्तेवर आलेल्या रसेल सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही असे ठरवले. पुढच्या वर्षी बाहेरून मका मोठ्या प्रमाणावर आला आणि आयात निर्यातीहून जास्त झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र तो येईपर्यंतचा हिवाळा अनेकांना पार करता आला नाही.

माझ्या मते सर्वांत जड गोष्ट निराळीच आहे. 1847 च्या उन्हाळ्यात सरकारने गावोगाव सूप वाटण्याची सोय केली आणि ऐन भरात रोज सुमारे 30 लाख माणसांना ते मिळत होते. म्हणजे एवढ्या लोकांच्या तोंडात घास घालणे त्या राज्ययंत्रणेला जमत होते. काही महिन्यांत ती सोय बंद करण्यात आली आणि भुकेल्या माणसांचा भार स्थानिक करांवर आणि वर्कहाउसांवर, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या आश्रयगृहांवर, ढकलला गेला. जमले नाही म्हणून माणसे गेली असती, तर वंशजांच्या मनातला सल वेगळा असता.

आता त्या पडक्या घराकडे येतो. ते मायो परगण्यातले खरे घर आहे. ज्या कुटुंबाचे होते त्यांनी ते दिले आणि त्याचे दगड न्यूयॉर्कला आणून पुन्हा रचले. स्मारक 2002 मध्ये खुले झाले. शिल्पकार ब्रायन टोल यांनी घराभोवतीची जमीन पाव एकर ठेवली आहे, आणि त्याला कारण आहे. जून 1847 मध्ये संमत झालेल्या कायद्यात विल्यम ग्रेगरी या खासदाराने एक कलम घालून घेतले: ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन आहे, त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपले 10 गुंठे. आज मुलांना जगवायचे असेल तर जमीन सोडायची, आणि जमीन सोडली की उद्या पेरायला काही नाही, असा तो पेच होता. छोट्या कुळांच्या जमिनीचा कर जमीनदाराच्या अंगावर पडत असल्यामुळे त्यालाही ती कुळे नकोशी झाली होती. कुटुंब बाहेर काढले की ते परत येऊ नये म्हणून घराचे छप्पर पाडत. त्या घराला छप्पर का नाही, हे आता निराळे सांगायला नको. उतारावरच्या बांधांतून फिरताना आयर्लंडच्या 32 परगण्यांतून आणलेले दगड दिसतात, त्यांवर परगण्यांची नावे कोरलेली आहेत, आणि आपल्या पणजोबांचा परगणा शोधत वाकून चालणारी माणसे मी तेथे अनेकदा पाहिली आहेत.

1841 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे 82 लाख होती. दहा वर्षांनी ती 65 लाखांवर आली. सुमारे 10 लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या बेटाची लोकसंख्या अजूनही 1841 च्या आकड्याला पोहोचलेली नाही.

तरीही या आठवणीला फार काळ तोंड फुटले नव्हते. माझ्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी आयरिश वंशाचे आहेत. ते सांगतात की त्यांच्या आजीकडे या विषयाची चौकशी केली की ती उठून कामाला लागत असे. जगले ते कसे जगले, हा प्रश्न अवघड होता: शेजाऱ्याची सुटलेली जमीन कोणी घेतली, प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या सुपासाठी कॅथलिक पंथ सोडायला कोण तयार झाले. "त्यांनी सूप घेतले" ही आयर्लंडमध्ये आजही शिवी आहे. मी ज्या समाजातून आलो, तेथे कोणाच्या दारी जेवलो याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठेवला जातो, त्यामुळे हे ऐकताना मला काही समजावून सांगावे लागले नाही. दगड मात्र बोलत राहिले. कॅनडात माँट्रियल येथे 1859 मध्ये पूल बांधणाऱ्या मजुरांनी, ज्यांत बरेच आयरिश होते, जहाजावरच्या तापाने मेलेल्या 6,000 स्थलांतरितांच्या दफनभूमीवर नदीतून काढलेली एक प्रचंड शिळा उभी केली, ती अद्याप तेथेच आहे.

शब्दांवरूनही वाद आहे. आयरिश भाषेत या काळाला "अन गोर्ता मोर", म्हणजे मोठी भूक, म्हणतात, आणि अनेक वंशजांना दुष्काळाचा उल्लेखच खपत नाही, कारण दुष्काळ म्हटला की दोष आभाळाकडे जातो. काही जण वंशसंहार म्हणतात. बहुतेक इतिहासकारांना तो शब्द मान्य नाही, कारण माणसे मारण्याचा हेतू सिद्ध होत नाही, आणि मलाही तो शब्द वापरवत नाही. परंतु मदतीचा कारभार पाहणारा वरिष्ठ अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन याने 1848 मध्ये या आपत्तीत दयाळू ईश्वराचा हात असल्याचे लिहिले आणि त्याच वर्षी त्याला "सर" हा किताब मिळाला, हे वाचल्यावर नुसता "चुकीचे धोरण" हा शब्दही पुरत नाही. हाच ट्रेव्हेलियन 1859 मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. 1877 मध्ये दख्खनच्या दुष्काळी कामांवर राबणाऱ्या लोकांची मजुरी रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे लेखी दाद मागितली. तो आपल्याकडचा इतिहास आयरिश लोकांच्या इतिहासाचा सख्खा भाऊ आहे.

या आठवणीचा मला सर्वांत प्रिय असलेला भाग चॉक्टॉ लोकांचा आहे. अमेरिकेतल्या या आदिवासी जमातीला 1831 पासून आपल्या भूमीतून हाकलण्यात आले आणि वाटेत हजारो माणसे मेली. त्याच लोकांनी 1847 मध्ये आयर्लंडच्या भुकेल्यांसाठी 170 डॉलर गोळा करून पाठवले. कॉर्क परगण्यातल्या मिडल्टन गावी त्यांच्या सन्मानार्थ पोलादी पिसांचे शिल्प आहे. 2018 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान ओक्लाहोमात जाऊन चॉक्टॉ लोकांना भेटले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर करून आले. ते पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातले वराड. 2020 च्या करोनाकाळात नवाहो आणि होपी या अमेरिकेतल्याच दुसऱ्या आदिवासी जमातींसाठी निधी उभा राहिला, तेव्हा देणगीदारांच्या यादीत आयरिश नावांची रीघ लागली होती.

दोन वर्षांपूर्वी माझी आत्या आली होती. 1972 च्या दुष्काळात तिने पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली आहे, आणि सुकडी व लाल मिलोची भाकरी खाऊन तो उन्हाळा काढला आहे. त्या वर्षी सरकारने गावोगाव कामे काढली, म्हणून आमच्या घरची माणसे तगली, हे ती नेहमी सांगते. तिने मला कोणताही प्रश्न विचारला नाही. ती वाकून त्या घरात शिरली, भिंतीतल्या चुलीच्या जागेपाशी उकिडवी बसली, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती माणसं होती रे घरात?"