होतात की काढतेस?

वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालाय, कॅप हवी, एवढीच तक्रार घेऊन ती आली. वय 19, सोबत आई. "घासण्यात काही कसूर नाही हो डॉक्टर, दिवसातून चार-चार वेळा घासते," आईनं दारातच सांगून टाकलं. मी कौतुकानं मान हलवली.

आमच्यातले बरेचजण ओठाकडची बाजू बघूनच निम्मा निकाल लावतात. टाळूकडची बाजू आरशाशिवाय दिसत नाही. आरसा फिरवला आणि माझा हात थबकला. वरच्या पुढच्या सहाही दातांची मागची बाजू मेण चोळल्यासारखी गुळगुळीत. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, जाऊन आतलं पिवळसर डेंटिन उघडं पडलेलं, कडा इतक्या पातळ की दिव्याचा उजेड आरपार जावा. एका वरच्या दाढेत चांदी भरलेली होती, ती दातापेक्षा उंच उभी होती. दात विरघळला, चांदी राहिली. खालचे पुढचे दात मात्र शाबूत, कारण उलटीच्या वेळी जीभ त्यांच्यावर पसरते. शीतपेयांची झीज अशी मागची बाजू निवडून होत नाही. पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. इनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळायला लागतं, जठरातलं आम्ल असतं 1 ते 2 च्या घरात. त्यावर लगेच ब्रश फिरवला की मऊ पडलेला थर खरवडूनच निघतो. चार वेळा घासण्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

कानापुढच्या लाळग्रंथी दोन्हीकडे फुगलेल्या, पण दुखत नव्हत्या. मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 साली बुलिमियाचं, म्हणजे अधाशासारखं खाऊन मग उलटी काढण्याच्या आजाराचं, वर्णन करताना घशात बोटं घालून दात लागल्यानं बोटांच्या सांध्यांवर पडणारे घट्टे नोंदवले होते. ते तिच्या हातावर नव्हते. सगळ्यांच्या हातावर नसतातच.

जुना केसपेपर काढला. दोन वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर: 'टाळूकडे किंचित झीज. उलट्या होतात का? नाही. मऊ ब्रश वापरणे.'

'होतात का' असं विचारलं होतं मी. तिचं 'नाही' खोटं नव्हतं. तिला उलट्या होत नव्हत्या, ती काढत होती.

एक्स-रेच्या निमित्तानं आईला बाहेर बसवलं. "असे झिजलेले दात मी आधी पाहिलेत," मी म्हटलं, "जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणाऱ्यांचे. तू काढतेस का?" ती दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रोज नाही." आणि जरा वेळानं, "आईला सांगणार?"

ती सज्ञान. तिच्या परवानगीशिवाय नाही, असं मी सांगितलं. बाहेर आईला म्हटलं, "आम्लानं दात झिजलेत, रक्त तपासावं लागेल." खोटं नाही बोलले, पण पुरतं खरंही नाही. त्या बाईंनी माझे आभार मानले, ते अजून टोचतं.

ओळखीच्या फिजिशियनना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "वजन किती?" व्यवस्थित आहे म्हटल्यावर स्वर सैलावला. "मग कसलं आलंय? कॅप बसवा आणि मोकळ्या व्हा." बुलिमियात वजन बहुधा व्यवस्थितच असतं, हे दंतवैद्यानं फिजिशियनला सांगायचं! पायात गोळे येतात असं ती बोलली होती. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटलं की असं होतं, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात, म्हणून पोटॅशियम आणि ईसीजीचा हट्ट धरला. पोटॅशियम 2.9 आलं. खालची मर्यादा 3.5. संध्याकाळी त्यांचाच फोन, दाखल करून घेतलंय म्हणून. वजनाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता ती मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. ठरलेल्या वेळी खाणं, खाल्लेलं आणि तेव्हा मनात आलेलं वहीत लिहिणं, असं चाललंय. आईलाही तिनं स्वतःच सांगितलं. कॅप मी अजून बसवलेली नाही. उलट्या थांबल्याशिवाय बसवली तर कडेनं दात झिजत राहील आणि कॅप निखळेल. तात्पुरतं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावलंय, फ्लोराइड दिलंय, आणि सांगितलंय की उलटी झालीच तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं चूळ भर, लगेच घासू नकोस.

गेल्या आठवड्यात तपासणीला आली. खुर्चीत बसता बसताच म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसंच केलं. चूळ भरली, घासले नाहीत."

मी "छान" म्हणाले. ती गेल्यावर लक्षात आलं, मी नक्की कशाला छान म्हटलं.