पुनवेची भरती आणि आमच्या गल्लीतला खून

दसरा चौकातलं सोनं लुटून माणसं गल्लीत परतली, की त्याच रात्री मास्तरांची वही बाहेर निघायची. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत हातात दिवस पाचच. तेवढ्यात नाटक पाठ करायचं, समुद्र तयार करायचा आणि खून कुणी केला हे घरात कुणालाही न सांगता पोटात ठेवायचं. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड होतं.

मंडळ तसं गणपतीचं. पण आम्हा पोरींचा आणि घरोघरच्या बायकांचा जीव अडकलेला असायचा तो कोजागिरीच्या नाटकात. नाटक दरवर्षी नवं, गाव मात्र तेच. समुद्रकाठचं छोटंसं गाव, त्याला नाव नव्हतं, सगळे नुसतं ‘बंदर’ म्हणायचे. एक धक्का, एक दीपगृह, पोस्ट, देऊळ आणि आत्याबाईंची खाणावळ. तिथं दर कोजागिरीला एक माणूस मरायचा आणि आत्याबाई तांदळाच्या भाकरी थापता थापता गुन्हेगार शोधून काढायच्या. मास्तर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे नियम कडक होते. पुढच्या सतरंजीवर लहान पोरं बसतात, म्हणून रंगमंचावर रक्त दिसायचं नाही. मेलेला माणूस कधी कुणाला दिसलाच नाही, त्याची बातमी तेवढी यायची. आणि गुन्हेगार सापडायला लागतं ते सगळं दुधाच्या आधी प्रेक्षकांच्या कानावर पडलंच पाहिजे. मागाहून कुठलासा जुळा भाऊ काढून दाखवणं त्यांना मान्य नव्हतं. “गणितात दिलेलं नसतं ते उत्तरात येत नाही,” म्हणायचे.

कोल्हापूरकरांनी दरवर्षी समुद्राचंच नाटक का करावं, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. समुद्र आम्हाला लांबचा होता म्हणूनच. गगनबावड्याहून घाट उतरून, नाहीतर आंबा घाटानं रत्नागिरीला जाऊन, वर्षा-दोन वर्षांतून एकदा बघायची ती गोष्ट. आमचं डोळ्यांपुढचं पाणी रंकाळ्याचं, आणि रंकाळ्याला भरती येत नाही.

समुद्र व्हायचा दोन निळ्या नऊवारी लुगड्यांचा. दोन्ही बाजूंना पोरं पालथी पडून टोकं हलवायची. आवाजाचं खातं मात्र एका काकांकडे. ते केशवराव भोसले नाट्यगृहात पडद्यामागं काम करायचे. सुपात दोन मुठी ज्वारी घेऊन ते माइकसमोर उकिडवे बसायचे. आम्ही पोरं सूप जोरात हलवायचो तर हात धरायचे. “लाट येते तेव्हा नाही गं, परत जाते तेव्हा ऐकायची. जाताना वाळू ओढून नेते.” मग सूप कळेल न कळेल असं तिरकं करायचे. दाणे सरसरत कडेला यायचे, जरा थांबायचे आणि हळूहळू मागं घरंगळायचे. डोळे मिटले तर पायाखालची वाळू निसटल्यासारखं वाटायचं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री व्हिडिओत ज्वाळा बघताना मला पहिल्यांदा आठवलं ते काकांचं सूप. काका तोवर गेले होते.

दूध गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून यायचं. तिथं म्हशी समोर उभ्या करून धार काढून देतात, त्यामुळं पाण्याची शंका नाही. चुलवाणावर मोठं पातेलं चढायचं, केशर-वेलदोडे पडायचे, दूध चांगलं पाऊणपट आटायचं. पहिला अंक संपला की चंद्र दाखवून दूध वाटप, आणि त्याच वेळी चिठ्ठ्या. घरटी एक चिठ्ठी, त्यावर गुन्हेगार कोण आणि कशावरून हे दोन्ही लिहायचं. नुसतं नाव बरोबर आलं तर टाळ्या. कारण बरोबर आलं तर पातेल्याच्या बुडाची खरवड. ती गोड, किंचित करपलेली, तांबूस खरवड मिळावी म्हणून शहाणीसुरती माणसं तावातावानं भांडायची.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षीची गोष्ट. बंदरातला एक आंब्याचा बागायतदार आपल्याच बागेत मरून पडला होता. संशय पाच जणांवर: पोस्टमास्तर, डॉक्टर, दीपगृहाचा रखवालदार, खाणावळीत उतरलेला पाहुणा आणि बागायतदाराचा भाचा. भाच्याचं काम करणारा दादा दिसायला देखणा, आवाज गोड. आत्याबाईंनी विचारलं, कोजागिरीच्या रात्री कुठं होतास? तो म्हणाला, “साडेअकराला देवळातून निघालो आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत घरी आलो. काय चांदणं पडलं होतं, आत्याबाई! वाळू नुसती चांदीसारखी, पांढरी, कोरडी.” मागं काकांचं सूप सरसरलं. बायकांच्या बाजूनं कौतुकाचा सुस्कारा आला.

माझ्या शेजारी कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी बसल्या होत्या. माहेर देवगडकडचं, लग्न होऊन घाट चढून आल्या त्या पुन्हा क्वचितच खाली उतरल्या. गल्लीत फारसं बोलायच्या नाहीत. त्या एकदम ताठ झाल्या आणि माझा हात दाबून पुटपुटल्या, “गो बाय, पुनवेक साडेअकराक सुकी वाळू खंय इली?”

त्यांना लिहिता येत नव्हतं. दुधाचा पेला बाजूला ठेवून त्यांनी मला चिठ्ठी लिहायला लावली. मी लिहिलं: भाचा. कारण, तेव्हा तिथं पाणी असतं. कसं ते मला कळलं नव्हतं, पण त्यांच्या बोटांची पकड अजून मनगटावर आहे.

दुसऱ्या अंकात आत्याबाईंनी पंचांग काढलं. आणि मास्तर स्वतः खडू घेऊन पुढं आले, शाळेतून आणलेला फळा होताच. कोकणात भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, भरतीही त्याच्यामागं तेवढीच सरकते. दर्यावर्दी माणसांनी तोंडी हिशेबासाठी त्याचा पाऊण तास धरला. वेळ थोडी मागंपुढं होते, पण भाच्याला वाचवण्याइतकी नाही. आणि पुनवेला नुसती भरती नसते, उधाण असतं. साडेअकराला त्या किनाऱ्यावर चालायला वाळूच शिल्लक नव्हती. भाचा देवळातून निघाला होता तो बागेच्या वाटेनं.

सबंध गल्लीतून कारणासकट एकच चिठ्ठी निघाली. आजींना पुढं बोलावलं तर त्या पदर डोक्यावरून ओढून माझ्यामागं उभ्या राहिल्या. खरवड आम्ही दोघींनी एकाच ताटलीत खाल्ली. त्यांनी तीत जास्त माझ्याकडे सारली.

पुढच्या वर्षापासून मास्तर वही घेऊन आधी आजींच्या उंबऱ्यावर जायला लागले. त्या तांदूळ निवडत ऐकायच्या आणि मधेच थांबवायच्या. नारळी पुनव व्हायच्या आधी होडी दर्यात कशी गेली? रखवालदार राती निजतो काय? भांगाच्या भरतीला पाणी एवढं वर चढत नाही. मास्तर मान खाली घालून पेन्सिलीनं दुरुस्त करायचे, आणि मी दोघांमध्ये बसून बघायची. गल्लीतल्या बंदराला खारा वास आला तो त्या वर्षांत, हे मी आजही पैजेवर सांगेन.

पण गुन्हेगार आधीच कळल्यावर आजींना चिठ्ठी टाकता येईना. एकदा मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, “माझां गाव हंय येता गो, दर वरसा.” आणि तांदूळ निवडत राहिल्या.

मागच्या कोजागिरीला आम्ही मालवणला होतो. जेवणं उरकल्यावर मी एकटीच चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले. चांदणं होतं, दादा म्हणायचा तसंच. पाणी पार वर चढलेलं, आणि परतणारी लाट वाळू ओढत होती तो आवाज सुपातल्या ज्वारीचा होता. मोबाइलमध्ये बघितलं, सव्वाअकरा व्हायला आले होते. मी चपला हातात घेतल्या आणि दोन पावलं मागं सरले.