एमव्हीसी करायची म्हणता? मग जरा लेबरचंही ऐका

हल्ली आर. एल. लॉ कॉलेजची पोरं कोर्टाच्या आवारात भेटली की टपरीवर एक प्रश्न ठरलेलाच, सर, एमव्हीसी करायची तर कुणाकडं लागू, त्यात पैसा आहे म्हणतात. एमव्हीसी म्हणजे मोटार अपघाताचे क्लेम, बेळगावात सगळे तसंच म्हणतात. लेबरचं, म्हणजे कामगारांच्या केसेसचं, मात्र कुणी विचारत नाही. परवा खानापूरकडच्या एका पोराला बोलता बोलता जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, प्रत्येकाला टपरीवर सांगत बसलो तर चहाचं बिल माझ्याच अंगावर येतं.

पैशाचं आधी सांगून टाकतो. ही पोरं अमेरिकेतल्या वकिलांचे व्हिडिओ बघतात, हायवेला हे मोठे फोटो, केस जिंकलो तरच फी, आणि मग मिळालेल्या रकमेतला तिसरा हिस्सा वकिलाचा. तिकडं ते चालतं. इकडं बार कौन्सिलच्या नियमांत दोन्ही बंद, नियम ३६ जाहिरात करू देत नाही आणि नियम २० प्रमाणे निकालावर फी ठरवायची नाही, भरपाईत वाटा मागायचा नाही. आता प्रत्यक्षात टक्केवारी कुठं कुठं चालते हे कोर्टाच्या आवारातला झेरॉक्सवालासुद्धा सांगेल, पण पायात प्लेट घातलेल्या माणसाच्या पैशात वाटेकरी होणं मला कधी पटलं नाही, आणि हॉस्पिटलच्या दारात एजंट उभा करणं तर त्याहून नाही. ठरलेली फी घ्या, ती हप्त्यानं घ्या, उशिरा घ्या, पण ठरलेली घ्या.

वकिलीची सनद काढणं आता स्वस्त झालंय. २०२४ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोंदणीला कायद्यात आहेत तेवढेच ७५० रुपये घ्यायचे, एससी-एसटीला १२५. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्यावा अशी शिफारस पण केली. ती वाचून आमच्या बार रूममध्ये किती जण हसले ते विचारू नका. पहिली काही वर्षं घरच्यांच्या जिवावर काढायची हे धरूनच चाला, आणि ज्याच्या घरी ते जमत नाही त्यानं आठवड्यातनं दोन दिवस दुसरं काही काम केलं तर त्यात लाज नाही.

एमव्हीसीच्या सीनियरकडं लागलात की पहिलं काम म्हणजे पोलीस स्टेशन. एफआयआर, पंचनामा, आरटीओच्या इन्स्पेक्टरचा गाडी तपासल्याचा रिपोर्ट, वूंड सर्टिफिकेट म्हणजे जखमांचा दाखला, चार्जशीट, हे सगळं जमवायचं. यातलं पोलिसांचं बहुतेक सगळं कन्नडमध्ये, तेव्हा मराठी मीडियमच्या पोरांनी कन्नड वाचायला शिकायचं, नुसतं बोलता येऊन भागत नाही, हस्ताक्षर लागलं पाहिजे. आणि आपल्याकडं सीमेची एक गंमत आहे. चंदगडचा माणूस काकतीजवळ हायवेला धडकतो, ॲडमिट होतो कोल्हापूरला, आणि क्लेम? कायदा म्हणतो अपघात झाला तिथं करा, तुम्ही राहता तिथं करा किंवा समोरचा राहतो तिथं करा. म्हणजे एकाच फाइलमध्ये कन्नड एफआयआर, मराठी रेशनकार्ड आणि इंग्रजी बिलं. ज्याला तिन्ही वाचता येतात त्याला या पट्ट्यात कामाची ददात नाही.

पण खरी मेख पुढं आहे. कायदा दोन-चार वर्षांत येतो हो. सुप्रीम कोर्टाचे निकाल, सरला वर्मा २००९, त्यातलं गुणकाचं टेबल (वयाप्रमाणं वर्षाच्या नुकसानीला कितीनं गुणायचं ते), प्रणय सेठी २०१७, हे पाठ होतं. येत नाही ते हे, की ज्या माणसाच्या कमाईचा एकही कागद नाही त्याची कमाई कोर्टापुढं उभी कशी करायची. समजा २८ वर्षांचा सेंट्रिंगचा पोरगा आहे, गुणक १७. डॉक्टर येऊन सांगतो पायाला ६० टक्के डिसॅबिलिटी, आपल्या कोर्टात साधारण त्याच्या एक तृतीयांश पूर्ण शरीराची धरतात, म्हणजे २० टक्के. कमाई महिना १२,००० धरली तर भविष्यातल्या कमाईचं नुकसान होतं ४,८९,६००. तीच २०,००० सिद्ध झाली तर ८,१६,०००. सव्वातीन लाखाचा फरक, आणि तो पडतो कशावर, तर वकील मुकादमाच्या घरी जाऊन हजेरीची वही घेऊन आला की नाही यावर. वही नसेल तर फोनपेवर आठवड्याचा पगार आलेला दिसतो, सिमेंटच्या दुकानदाराकडं त्याच्या नावानं माल गेलेला असतो. हे काहीच दाखवलं नाही की कोर्ट बहुतेकदा लोक अदालतीसाठी बनवलेल्या चार्टवरची त्या वर्षाची अंदाजी कमाई धरतं आणि पोरगा कारागीर होता हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि ते २० टक्के तरी का? राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०१०, सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की शरीराची टक्केवारी वेगळी आणि कमाईवर होणारा परिणाम वेगळा. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याचा पाय आखडला आणि परांचीवर चढणाऱ्याचा आखडला, दोन्ही सारखं कसं होईल? पण हे सांगायला तो काय काम करत होता ते स्वतः जाऊन बघावं लागतं. मी ज्युनिअरला एकदा तरी साइटवर पाठवतोच, परांची कशावर बांधतात ते बघून ये म्हणून.

काही जण इन्शुरन्स कंपनीच्या वकिलांच्या पॅनेलवर जातात. त्यात वाईट काही नाही. फी ठरलेली, काम सतत, आणि क्लेम कुठं कुठं पोकळ असतो ते समोरच्या बाजूनं बसल्याशिवाय दिसत नाही. उसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसलेली माणसं पडतात तेव्हा पॉलिसी शेतीसाठीची होती, ट्रॉलीचा इन्शुरन्सच नव्हता, माणूस फुकट बसलेला होता, हे सगळे बचाव तिकडं शिकायला मिळतात. मला माहीत असलेले क्लेमंटच्या बाजूचे दोन फार चांगले वकील पॅनेलवरनंच इकडं आलेत.

आता लेबर. इथं वकील कमी का, याचं एक कारण कायद्यातच आहे. जुन्या १९४७ च्या इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स ॲक्टचं कलम ३६ बघा, समेटाच्या बोलणीत वकील चालतच नव्हता आणि लेबर कोर्टात समोरच्या पार्टीची संमती अधिक कोर्टाची परवानगी असेल तरच. त्यामुळं हे क्षेत्र कायम युनियनच्या माणसांचं राहिलं, आणि त्यातलेच काही जण पुढं रात्री अभ्यास करून लॉ झाले. म्हणजे एमव्हीसीत माणूस आधी वकील होतो आणि मग हाडं-बोटं शिकतो, लेबरमध्ये उलटं, आधी कारखान्याच्या गेटवर उभा राहतो मग सनद काढतो. निपाणीला विडी आणि तंबाखूच्या कामगार बायकांची संघटना प्रा. सुभाष जोशींनी बांधली, तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांशी तासभर बोललात तर कागदाचं काम काय असतं ते कळेल. जुना १९६६ चा विडी कामगारांचा कायदा घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणायचा. पण कंत्राटदार म्हणतो ही आमच्याकडं नव्हतीच. मग एका मावशींनी पानांच्या पिशवीत जपून ठेवलेली वही निघते, रोज किती पानं नेली, किती विड्या दिल्या, किती नापास म्हणून छाटल्या, आणि कोपऱ्यात त्याच्याच माणसाची सही. मावशी म्हणाल्या, साहेब, ही वही पोराच्या दाखल्यापेक्षा जपलीया. पुढचं सगळं भांडण त्या सहीवर.

उद्यमबाग, मच्छे, होनगा, इकडच्या फाउंड्री आणि मशीन शॉपचं वेगळं. तिथं प्रेसखाली बोट जातं. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याच्या शेड्यूलमध्ये प्रत्येक बोटाचा टक्का लिहिलाय, अंगठा ३०, तर्जनी मुळापासून गेली तर १४. पोरगा ३० वर्षांचा, पगार कायद्यानं जास्तीत जास्त १५,००० धरायचा, त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले ३० वयाचा आकडा २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० आणि त्याचे १४ टक्के, २,६२,०५५ रुपये. लेथवर मायक्रोमीटर धरणाऱ्या पोराच्या तर्जनीची किंमत ही. शिवाय महिन्याच्या आत दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. पण हे मांडायच्या आधी एक बघायचं, पोरगा ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आहे का. असेल तर हा रस्ता बंद, तिकडनं पेन्शन घ्यायची. केस घातल्यावर हे समजलं तर क्लायंटची दोन वर्षं गेली.

या सगळ्यात आता भर म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, २९ जुने कायदे त्यात गेले. सीनियर मंडळी वैतागलीत, चाळीस वर्षं पाठ असलेली कलमं बदलली. मी पोरांना म्हणतो, अरे हीच तर वेळ आहे, या घडीला सीनियर आणि ज्युनिअर दोघंही पहिल्या पानावर आहेत. कामाला जाता-येताना झालेला अपघातही आता कोडमध्ये आलाय. जुन्या कायद्याखालीही २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टानं साखर कारखान्याच्या एका वॉचमनच्या केसमध्ये हेच म्हटलं, तो ड्युटीवर जाताना २००३ साली अपघातात वारला होता. म्हणजे पहाटेच्या शिफ्टला वडगावहून सायकलवर निघालेल्या माणसाला ट्रकनं उडवलं तर फाइल एमव्हीसीची पण होते आणि लेबरची पण, आणि यातलं एकच निवडावं लागतं. कुठं जास्त मिळेल ते दोन्ही येणाराच सांगू शकतो, नुसता एमव्हीसीवाला नाही.

वाट बघायची तयारी मात्र पाहिजे. मोटार अपघाताच्या ट्रिब्युनलचा अवॉर्ड म्हणजे निकाल झाला की इन्शुरन्स कंपनी धारवाडला हायकोर्टात एमएफए म्हणजे अपील टाकते, नाहीतर आपणच वाढवून मागायला जातो, आणि धारवाडचं बेंच २००८ पासून आहे म्हणून बरं, आधी बेंगळूरला जावं लागायचं. मोठ्या रकमेतला बराच भाग कोर्ट एफडीत टाकायला लावतं, तेव्हा क्लायंट तुमच्याकडंच येणार, साहेब पैसं कधी सुटणार म्हणून. आणि औद्योगिक कामगार, बायका, एससी-एसटी यांना १९८७ च्या कायद्यानं फुकट वकील मिळतो, कमाई किती हे न बघता. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाला. मानधन थोडं आहे, पण पहिल्या दोन वर्षांत स्वतः उभं राहून साक्षीदार क्रॉस करायला, म्हणजे उलटतपासायला, मिळतो, जे सीनियरच्या ऑफिसात पाच वर्षांत मिळत नाही. खानापूरच्या त्या पोरानं फॉर्म नेलाय, भरला की नाही ते सोमवारी विचारतो.